दिवा विझला म्हणून थंड झालं?

पोरी, आत्याने न्यू जर्सीहून आणलेला वॉफल मेकर खोक्यातून बाहेर काढलास, इथपर्यंत ठीक. पण पीठ भिजवायच्या आधी त्याला पालथा घाल आणि बुडाची पट्टी वाच. तिथे १२० व्होल्ट लिहिलं असेल तर पनवेलच्या खांदा कॉलनीतल्या तुझ्या ओट्यावर तो लावायचा नाही. आपल्या भिंतीत २३० व्होल्ट आहेत. ‘जेमतेम दुप्पट तर आहेत’ असं तुझा बाप म्हणेल. गणितात तो पहिल्यापासून कच्चा. व्होल्ट दुप्पट झाले की तारेतला करंटही दुप्पट होतो, म्हणून उष्णता चौपटीच्या घरात जाते. हजार वॅटचं यंत्र साडेतीन हजारांच्या वर ओढायला लागतं. नशीब असेल तर आतला फ्यूज उडेल, नाहीतर घरभर धूर. बाजारात पिन बदलायची ठोकळी मिळते ती फक्त पिनच बदलते, व्होल्ट नाही. त्याला ट्रान्सफॉर्मर लागतो, आणि हजार वॅटचा ट्रान्सफॉर्मर म्हणजे उचलताना कंबर धरेल असं धूड. त्यापेक्षा आयएसआय छाप बघून इथलाच २३० व्होल्टचा घे आणि आत्याला फोनवर ‘झकास चालतोय’ म्हणून सांग. एवढं खोटं चालतं.

मी वायरमन होतो. वीज मंडळाची महावितरण झाली २००५ साली, त्याच्या आधीच निवृत्त झालो. टपाल नाक्याजवळच्या जुन्या वाड्यांत तेव्हा लाकडी पट्ट्यांवरून वायरिंग गेलेली असायची, प्लग दोन पिनांचे, आणि पावसाळ्यात ओल धरलेल्या भिंतीला हात लावला की मुंग्या यायच्या. तिसऱ्या पिनेची किंमत मला तिथे कळली. ती मुद्दाम लांब आणि जाड केलेली असते. प्लग खोचताना सगळ्यात आधी तीच टेकते आणि काढताना सगळ्यात शेवटी सुटते. वॉफलचं पीठ ओघळून बिजागरीत गेलं, आतल्या तारेला लागलं आणि पत्र्याला करंट आला, तर त्याला जमिनीत न्यायची वाट तीच. ती कापून प्लग बसवणारे महाभाग मी पाहिलेत. भिंतीत अर्थिंग खरोखर आहे का, हे टेस्टरने नीट कळत नाही. ते वायरमनकडून तपासून घे, आणि मेन बोर्डात करंट गळला की लाइन तोडणारा ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी नसेल तर तोही बसवून घे. त्याचं टेस्टचं बटण अधूनमधून दाबत जा. दाबल्यावर खटका पडला तरच तो जिवंत आहे असं समज.

हजार वॅटचा वॉफल मेकर सव्वाचार अँपिअरच्या आसपास घेतो, म्हणजे सहाच्या पॉइंटवर तो एकटा असेल तर चालतो. त्याच बोर्डावर एक्स्टेंशन लावून किटलीही सुरू केलीस की प्लग मऊ पडायला लागतो. प्लग हाताला गरम लागला तर तिथेच थांब.

आता तुझ्या आजीकडून शिकलेली गोष्ट. ती घावन घालते ना, तेव्हा बिडाच्या तव्याखाली ज्योत दिसते. चुलीत तर निखाराच दिसायचा. डोळ्यांना विस्तव दिसला की हात आपसूक सावध होतो. वॉफल मेकरमध्ये विस्तव दिसत नाही, दिसतो तो नुसता दिवा, आणि तोच फसवतो. पुष्कळ यंत्रांत नेमकी उष्णता झाली की थर्मोस्टॅट करंट तोडतो आणि दिवा विझतो. दिवा विझला म्हणजे बंद झालं असं समजून लोक पत्र्याला हात लावतात. तो त्याच क्षणी सगळ्यात जास्त तापलेला असतो! पुष्कळांना तर बटणच नसतं, प्लग खोचला की सुरू. म्हणून भिंतीवरचं बटण बंद कर, प्लग काढ, आणि मगच ‘बंद झालं’ म्हण.

पनवेलच्या पावसाळ्यात हे जास्त लक्षात ठेव. लाइट जाते, पीठ अर्धं राहतं, ‘येईल तेव्हा बघू’ म्हणून तू बाजारात निघून जातेस. तासाभराने लाइट येते आणि रिकामं यंत्र मिटल्या जागी तापत राहतं. लाइट गेली की पहिलं काम प्लग काढायचं. रिकामा नॉनस्टिक पत्रा बेसुमार तापला तर त्याच्या लेपाचा धूर पक्ष्यांच्या जिवावर उठतो. तुझ्या लव्ह बर्ड्सचा पिंजरा स्वयंपाकघरात नकोच.

यंत्र ठेवायचं ग्रॅनाइटच्या ओट्यावर, नळापासून लांब, गॅसच्या नळीपासून लांब, वरच्या कपाटाखालून बाहेर ओढून. खाली वर्तमानपत्र नको, प्लॅस्टिकचं कापड नको. वायर ओट्यावरून लोंबू द्यायची नाही. तुझं रांगतं पोर जे लोंबतं ते ओढतं.

पिठाचं म्हणशील तर हावरेपणा करू नकोस. घावनासारखं पातळ पीठ इथे चालत नाही. त्यात थोडं तूप हवं, नाहीतर चिकटेल. मधोमध एक पळी, तेही कडेपर्यंत न पोचेल इतकं. झाकण दाबू नकोस. बाजूने वाफ यायला लागेल. ती मंदावली की वॉफल झाला, आधी उघडलास तर त्याचे दोन तुकडे होतील, एक वर, एक खाली. उघडताना मूठ धरून बाजूला उभी राहा, तोंड वर नेऊ नकोस. काढायला लाकडी उलथनं. सुरी किंवा काटा नको, लेपही जातो आणि आत तारही असते.

(अमेरिकेत १९७१च्या सुमारास बिल बॉवरमन नावाच्या कोचने बुटांच्या तळव्याची नक्षी करायला बायकोच्या वॉफल मेकरमध्ये युरेथेन ओतलं. यंत्र कायमचं चिकटून बसलं. त्याच नक्षीवरून पुढे नायकीचे बूट निघाले, पण बायको काय बोलली असेल?)

धुताना नळाखाली धरू नकोस. प्लग काढून अर्धा तास थांब, कोमट झाला की ओल्या फडक्याने पूस, खाचांतला चुरा जुन्या मऊ ब्रशने काढ.

बोट भाजलंच तर अंगठी-बांगडी लगेच काढ आणि २० मिनिटं वाहत्या थंड पाण्याखाली धर. टूथपेस्ट नाही, बर्फ नाही, हळदही नाही. यंत्राने पेट घेतला तर मेन पाड, झाकण मिटलेलंच राहू दे, आणि पाणी अजिबात ओतू नकोस.

रविवारी माझा टेस्ट लॅम्प घेऊन येतो, तुझा बोर्ड बघून जाईन. आजी म्हणते, येताना नारळाचा रस करून आणते. त्यात घावन बुडवतात तसा वॉफल बुडवून बघायचाय तिला.