नकार नेमका कोणाचा?

उस्मानपुरा, छत्रपती संभाजीनगर

चि. भाचेरावांस मामाचे अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तू एका दमात जे सांगितलंस ते मी लिहून घेतलं. विंडोज ११ चा पेनड्राइव्ह लावला, ‘हा पीसी विंडोज ११ चालवू शकत नाही’ असं आलं, मग तू बायोसमध्ये शिरलास. सिक्युअर बूट बंद केलं, लेगसी करून पाहिलं, परत यूईएफआय केलं, साटाची सेटिंग बदलली, टीपीएम क्लिअर केलं, आणि आता आधीचं विंडोज १० सुद्धा निळ्या पडद्यावर येऊन थांबतंय. फोनवर उत्तर दिलं असतं तर ऐकता ऐकता तू आणखी दोन ठिकाणी हात घातला असतास. म्हणून पत्र लिहितोय. आधी पूर्ण वाच, मगच लॅपटॉप उघड.

घाबरू नकोस, मशीन मेलेलं नाही. निळ्या पडद्यावर ‘इनॲक्सेसिबल बूट डिव्हाइस’ असं येतंय म्हणालास, त्यातच निदान आहे. तुझ्या या डेल लॅटिट्यूडमध्ये ‘साटा ऑपरेशन’ कंपनीतूनच ‘रेड ऑन’वर ठेवलेलं असतं. विंडोज १० त्याच अवस्थेत बसवलेलं होतं, त्यामुळे सुरू होताना ते इंटेलचा रेडचा ड्रायव्हरच उचलतं. तू ‘एएचसीआय’ केलंस आणि डिस्क जागेवर असूनही विंडोजला ती सापडेना. एफ-टू दाबून आत जा, पुन्हा ‘रेड ऑन’ कर, बूट मोड यूईएफआयच आहे ना ते बघ, आणि सुरू कर. विंडोज येईल. टीपीएम क्लिअर झाल्यामुळे तुझी पिन चालणार नाही, पासवर्ड लागेल; तो आईला विचार, मशीन घेतलं त्या दिवशी तिनेच वहीत लिहून ठेवला होता.

डिस्कला बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं एन्क्रिप्शनचं कुलूप, लावलेलं नव्हतं म्हणून निभावलं. ते असतं तर टीपीएम पुसल्याबरोबर ४८ आकडी रिकव्हरी की मागितली असती, आणि की नाही म्हणजे डेटाही नाही. इथे स्टेशन रोडवर शासकीय तंत्रनिकेतन आहे, अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. त्या पोरांचे असे लॅपटॉप माझ्या टेबलावर येतात. वर्षभराच्या प्रोजेक्टची एकमेव प्रत आत अडकलेली असते आणि की कोणत्या अकाउंटला जोडली होती तेही आठवत नसतं. तेव्हा मी काही करू शकत नाही, आणि त्यांना तसं सांगणं मला फार जड जातं. टीपीएम किंवा सिक्युअर बूटला हात लावण्याआधी बिटलॉकर चालू आहे का ते बघायचं, असलं तर की कागदावर उतरवायची. हे तुझ्याकडून मी वचन म्हणून मागतो.

आता मुद्द्याचं. मशीन ‘नाही’ म्हणतं तेव्हा नेमकं कोण नाही म्हणतंय, हे आधी ओळखायला शीक. ते न ओळखता तू फर्मवेअरला, म्हणजे बायोसला, दोषी धरलंस आणि सगळी बटणं दाबून पाहिलीस. तुला मिळालेला नकार फर्मवेअरचा नव्हताच, तो इन्स्टॉलरचा होता. तुझ्या लॅपटॉपचा आय-फाइव्ह सहाव्या पिढीचा, म्हणजे २०१५ मध्ये आलेला. ऑक्टोबर २०२१ मध्ये विंडोज ११ आलं तेव्हा मायक्रोसॉफ्टने इंटेलची रेषा साधारण आठव्या पिढीवर आखली. बायोसमधली कोणतीही सेटिंग सहाव्याचं आठवं करू शकत नाही. ती रेषा अगदीच मनमानी होती असंही नाही. विंडोज ११ ज्या मेमरी-संरक्षणावर भर देतं त्याला लागणारी एक सोय इंटेलने सातव्या पिढीपासून प्रोसेसरमध्ये दिली. तुझ्या प्रोसेसरवर तेच काम सॉफ्टवेअरने ओढून न्यावं लागतं आणि मशीन मंदावतं.

खरोखर हार्डवेअरचा नकार असतो तो वेगळा. घरी बाबांचा जुना कोअर टू ड्युओ पडलाय ना, त्याच्या प्रोसेसरमध्ये ‘पॉपकाउंट’ नावाची सूचनाच नाही. २०२४ पासूनचं विंडोज ११ त्यावर सुरूच होत नाही, कितीही क्लृप्त्या केल्या तरी. तिथे वेळ घालवू नकोस.

फर्मवेअरचा नकार मात्र समजून घेण्यासारखा आहे, कारण तो बहुतेक वेळा आपल्या हाताने सोडवता येतो. १९८१ च्या आयबीएम पीसीपासूनची जुनी बायोस पद्धत डिस्कच्या पहिल्या सेक्टरमधला कोड उचलायची. तिच्यासोबतच्या एमबीआर मांडणीला २ टीबीच्या पुढची जागा दिसत नाही. यूईएफआय फाइलच वाचतं: डिस्कवरच्या एका छोट्या फॅट विभागात ‘ईएफआय’ फोल्डर शोधतं आणि त्यातली बूट फाइल चालवतं. त्यामुळे यूईएफआयमध्ये बसवलेलं विंडोज लेगसीत सुरू होत नाही, आणि लेगसीत बसवलेलं यूईएफआयमध्ये नाही. एफ-ट्वेल्व्ह दाबल्यावर येणारी यादी नीट बघ. लेगसी चालू असताना एकच पेनड्राइव्ह तिथे दोनदा दिसू शकतो, एकदा लेगसीखाली आणि एकदा यूईएफआयखाली. घाईत वरचा निवडला की इन्स्टॉलर लेगसीत चालू होतो आणि पुढे सांगतो, ‘या डिस्कवर बसवता येत नाही, ती जीपीटी आहे’, म्हणजे यूईएफआयच्या मांडणीची. मुलं लगेच डिस्क पुसून टाकतात. चूक डिस्कची नसते, यादीतल्या त्या ओळीची असते.

टीपीएम या सुरक्षा-मॉड्यूलचंही तसंच. ते नाही असं इन्स्टॉलर म्हणाला म्हणजे ते मशीनमध्ये नसतंच असं नाही. कधी ते सेटिंगमध्ये बंद असतं, कधी ‘इंटेल पीटीटी’ अशा दुसऱ्याच नावाखाली असतं, आणि तुझ्या पिढीच्या काही लॅटिट्यूडमध्ये चिप आवृत्ती १.२ वर असते, जी डेलच्या अधिकृत अपडेटने २.० करता येते. पण तुझ्या बाबतीत २.० करूनही प्रोसेसरचा नकार उरतोच, तेव्हा त्या वाटेला जाऊ नकोस.

पडताळणी चुकवून विंडोज ११ बसवता येतं, हे तुला मित्रांनी सांगितलंच असेल. रजिस्ट्रीतली तशी एक नोंद खुद्द मायक्रोसॉफ्टने २०२१ मध्ये जाहीर केली होती, आणि त्याबरोबरच अशा मशीनला अपडेट मिळण्याचा हक्क राहणार नाही असंही बजावलं होतं. ज्या मशीनवर तुझा तीन वर्षांचा डिप्लोमा उभा राहायचाय ते असं टांगणीला लावू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

मग करायचं काय? तुला सिव्हिलला ऑटोकॅड लागणार, ते लिनक्सवर चालत नाही. म्हणून विंडोज १० ठेव. त्याचा नेहमीचा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, पण घरगुती वापरासाठी १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षा अपडेटची मुदतवाढ आहे. सेटिंगमधल्या अपडेटच्या पानावरून तिच्यासाठी नाव नोंदव. त्याच्या शेजारी लिनक्स, म्हणजे डेबियन किंवा उबुंटू, बसव आणि इंटरनेट, बँक, ई-मेल हे सगळं तिथे कर. ती मुदतवाढ संपली की विंडोजला नेटपासून तोडून फक्त ड्रॉइंगसाठी वापरता येईल.

लिनक्सचा इन्स्टॉलर ‘डिस्कच सापडत नाही’ म्हणाला तर समज, पुन्हा तेच ‘रेड ऑन’. आता मात्र ते रीतसर बदल. आधी विंडोजमध्ये ‘एमएसकॉन्फिग’ उघडून सेफ बूटवर खूण कर, रीस्टार्ट करताना थेट बायोसमध्ये जाऊन एएचसीआय कर, विंडोज सेफ मोडमध्ये येऊ दे, मग ती खूण काढून टाक. सेफ मोडमध्ये योग्य ड्रायव्हर आपोआप उचलला जातो. तू काल केलेला बदल हाच होता, फक्त क्रम चुकला. सिक्युअर बूट बंद करायची गरज नाही. डेबियन आणि उबुंटू दोन्ही ते चालू असताना सुरू होतात, कारण त्यांच्या पहिल्या बूट फाइलवर मायक्रोसॉफ्टची सही असते. विंडोजमधलं ‘फास्ट स्टार्टअप’ मात्र आधी बंद कर, नाहीतर विंडोज अर्धवट झोपलेलं राहतं आणि लिनक्सला त्याच्या डिस्कवर लिहिता येत नाही. वायफायची काळजी करू नकोस. २०२३ च्या डेबियन १२ पासून कार्डांना लागणारं फर्मवेअर इन्स्टॉलरमध्येच येतं.

एका वेळी एकच सेटिंग बदल. आमटी खारट झाली म्हणून पाणी, बटाटा, लिंबू सगळं एकदम घातलं की चव कशाने सावरली ते कळत नाही. एक बदल, एक रीस्टार्ट, काय दिसलं त्याची वहीत एक ओळ. ‘लोड डिफॉल्ट्स’वर भिस्त ठेवू नकोस, ती कंपनीची मूळ अवस्था असते, तुझ्या मशीनवर कालपर्यंत जे चाललं होतं तेच असेल असं नाही. बायोसची तारीख मागे गेलेली दिसली तर मदरबोर्डचा ३ व्होल्टचा सेल संपलाय. तो बदलल्याशिवाय सेटिंग टिकतील याचा भरवसा धरू नकोस. आणि बायोस अपडेट करायचीच वेळ आली तर बॅटरी भरलेली हवी, चार्जर लावलेला हवा. तुमच्याकडे पैठणला दुपारी लाइट जाते, तेव्हा ते काम रात्री.

तुझ्यासारख्या, ऑफिसात वापरून विकलेल्या मशीनला एखाद्या वेळी बायोसचा पासवर्ड असतो. कुठल्या पानावर तो मागितला तर अंदाजाने टाकत बसू नकोस. ज्यांनी विकलं त्यांच्याकडे मशीन घेऊन जायचं, ते काढून देणं त्यांचं काम आहे.

‘रेड ऑन’ परत केल्यावर आज रात्री फक्त दोन गोष्टी कर. बायोसच्या प्रत्येक पानाचा फोटो काढून मला पाठव, आणि विंडोज सुरू झाल्यावर तुझ्या सगळ्या फायली बाहेरच्या हार्डडिस्कवर घे. माझं उत्तर येईपर्यंत बाकी कशालाही हात लावू नकोस.

तुझा,
मामा