केकसाठी चॉकलेटची उभी सजावट

वाढदिवस, साखरपुडा, शाळेचे स्नेहसंमेलन अशा प्रसंगी केक कापण्याची पद्धत आता तालुक्याच्या गावीच नव्हे, तर लहान खेड्यांतही रूढ झाली आहे. अनेक भगिनी घरच्या घरी केक करून विकतात. केकचा भाव त्याच्या वजनाइतकाच त्याच्या सजावटीवर ठरतो. चॉकलेटची पाने, फुलपाखरे, गुलाब, केकभोवतीचा कठडा अशी उभी सजावट शहरातून विकत आणली तर महाग पडते आणि प्रवासात बरीचशी मोडते. हीच सजावट घरी करता येते. त्यासाठी महागडी यंत्रे लागत नाहीत. मात्र उष्णता आणि पाणी या दोन गोष्टींवर ताबा ठेवावा लागतो. बहुतेक नुकसान या दोन कारणांनीच होते.

चॉकलेट घट्ट कसे होते?

कोकोच्या वाळवलेल्या बियांत निम्म्याच्या आसपास चरबी असते. तिला कोको बटर म्हणतात. नारळ-सुपारीच्या बागेत कोकोचे आंतरपीक घेणाऱ्या बागायतदारांना या बिया परिचयाच्या आहेत. चॉकलेटला आकार येतो तो ही चरबी गोठल्यामुळे. कोको बटर सहा निरनिराळ्या प्रकारच्या कणांच्या रूपात गोठू शकते. त्यांपैकी पाचव्या प्रकारचे कण आपल्याला हवे असतात. ते 33 ते 34 अंश सेल्सिअसला वितळतात, त्यांच्यामुळे चॉकलेट चकचकीत दिसते आणि मोडताना 'कट्' असा आवाज येतो. इतर प्रकारचे कण झाले तर चॉकलेट मऊ, निस्तेज आणि पांढरट डागांचे होते. योग्य कण तयार व्हावेत म्हणून चॉकलेट ठरावीक तापमानाला तापवणे व थंड करणे, यालाच टेंपरिंग म्हणतात.

यावरून एक गोष्ट लक्षात येईल. खोलीचे तापमान 35 अंशांच्या वर असेल तर खरे चॉकलेट उभे राहूच शकत नाही. त्यात करणाऱ्याच्या हाताचा दोष नसतो.

कोणते चॉकलेट घ्यावे?

बाजारात दोन प्रकार मिळतात. पहिले खरे चॉकलेट. यातील चरबी कोको बटर असते. चव उत्तम, पण किंमत जास्त आणि टेंपरिंग आवश्यक. दुसरे कंपाऊंड, यात कोको बटरऐवजी वनस्पतिजन्य स्निग्ध पदार्थ असतो. याला टेंपरिंग लागत नाही, ते स्वस्त पडते आणि शिकताना सोयीचे असते. 2024 मध्ये पश्चिम आफ्रिकेतील पीक कमी आल्याने जागतिक बाजारात कोकोचा भाव डिसेंबरमध्ये टनाला 12 हजार डॉलरच्या वर गेला होता. असे चढउतार झाले की लहान व्यावसायिकांचा कल कंपाऊंडकडे वळतो.

वेष्टनावरील घटकांची यादी वाचूनच खरेदी करावी. पुढील दोन नियम पाळावेत :

1) दोन्ही प्रकार एकत्र वितळवू नयेत. दोन्हींतील चरबी एकमेकींशी जुळत नाही, त्यामुळे माल मऊ राहतो व लवकर पांढरा पडतो.

2) कंपाऊंडची सजावट खरे चॉकलेट म्हणून विकू नये. गिऱ्हाइकाला स्पष्ट सांगावे आणि दरही त्याप्रमाणे लावावा. एकदा गेलेला विश्वास परत मिळवणे कठीण असते.

जागा, वेळ व साहित्य

कामाची जागा कोरडी आणि शक्यतो 20 ते 22 अंशांची असावी. वातानुकूलन नसेल तर पहाटे काम करावे. त्याच खोलीत त्या वेळी चहा किंवा भात शिजवू नये. वाफ चॉकलेटवर बसते. पावसाळ्यात, विशेषतः कोकणात, हवेतील दमटपणामुळे सजावट चिकट होते. म्हणून तयार माल लगेच हवाबंद डब्यात भरावा.

साहित्य : 0 ते 100 अंशांचा स्वयंपाकाचा तापमापक (ताप बघण्याचा तापमापक येथे उपयोगी नाही), एकात एक बसणारी दोन स्टीलची भांडी, रबरी उलथणे, बटर पेपर, खाद्यपदार्थांसाठी चालणारी पारदर्शक प्लॅस्टिक शीट, मऊ ब्रश, सुती हातमोजे आणि लाटणे.

वितळवणे व टेंपरिंग

चॉकलेट सुरीने बारीक चिरावे. खालच्या भांड्यात दोन बोटे पाणी गरम करून गॅस बंद करावा. वरच्या भांड्याचा तळ पाण्याला टेकू देऊ नये. भांडी, चमचे, ब्रश पूर्ण कोरडे असावेत. थेंबभर पाणी पडले तरी चॉकलेटमधील साखर ओली होऊन सगळ्याचा खरखरीत गोळा होतो.

कंपाऊंड 40 ते 45 अंशांपर्यंत वितळवून थोडे निवले की वापरता येते. खऱ्या चॉकलेटसाठी पुढील रीत सोपी आहे. एकूण चॉकलेटपैकी दोन भाग वितळवावेत व एक भाग बारीक चिरून बाजूला ठेवावा. काळे चॉकलेट 45 ते 50 अंशांपर्यंत तापवावे, भांडे उतरवून पुसावे आणि राखलेला भाग थोडा थोडा घालून ढवळत राहावे. दुधाला विरजण लावावे तसेच हे आहे. घट्ट चॉकलेटमधील योग्य कण पातळ चॉकलेटला आपल्यासारखे करून घेतात. तापमान 27 ते 28 अंशांवर आले की पुन्हा हलकेच 31 ते 32 अंशांवर आणावे. दुधाच्या चॉकलेटसाठी हे आकडे अनुक्रमे 45, 26 ते 27 आणि 29 ते 30 असे आहेत. पांढऱ्यासाठी 40 ते 45, 25 ते 26 आणि 28 ते 29 धरावेत.

परीक्षा : सुरीचे टोक बुडवून बाजूला ठेवावे. थंड खोलीत पाच मिनिटांत चॉकलेट चकचकीत गोठले तर टेंपरिंग साधले. रेघा दिसल्या किंवा चिकट राहिले तर पुन्हा पहिल्यापासून करावे.

सजावटीचे चार प्रकार

पाने : गुलाब, लिंबू किंवा पेरू यांची पाने घ्यावीत. फवारणी झालेल्या झाडाची पाने कधीही घेऊ नयेत. कण्हेर, रुई, धोतरा, क्रोटन अशी विषारी झाडे तर पूर्णपणे वर्ज्य आहेत. त्यांचा अंश चॉकलेटला लागून पोटात जाऊ शकतो. पाने धुऊन कापडाने टिपून पूर्ण वाळवावीत. शिरा उठून दिसतात त्या खालच्या बाजूवर ब्रशने चॉकलेटचे दोन थर द्यावेत. कडेवरून पलीकडे ओघळू देऊ नये, नाहीतर पान सोलताना कड मोडते. पान लाटण्यावर आडवे ठेवून गोठवावे म्हणजे त्याला नैसर्गिक बाक येतो. नंतर देठाकडून हलकेच सोलावे.

फुलपाखरू : कागदावर पंख रेखाटून त्यावर बटर पेपर ठेवावा. बटर पेपरच्या कोनातून काळ्या चॉकलेटची बाह्यरेषा काढावी व आत पांढरे भरावे. जाडी 2 ते 3 मिलिमीटर ठेवावी. पंख पूर्ण गोठू द्यावेत. नंतर पुठ्ठा उघड्या पुस्तकासारखा दुमडून त्यात बटर पेपर घालावा, मधल्या खाचेत चॉकलेटची जाड रेघ ओढावी आणि तिच्यात दोन्ही पंख दोन बाजूंना टेकवून ठेवावेत. रेघ गोठली की तीच फुलपाखराचे अंग होते.

कठडा : केकचा घेर दोरीने मोजावा. 18 सेंटिमीटर व्यासाच्या केकचा घेर सुमारे 56.5 सेंटिमीटर येतो. जोडासाठी दीड सेंटिमीटर वाढवून 58 सेंटिमीटर लांबीची शीट कापावी. उंची केकपेक्षा 2 सेंटिमीटर जास्त ठेवावी. शीटवर 2 मिलिमीटर जाडीचा थर पसरावा. वरची ओली चमक गेली, पण पट्टी अजून वाकते आहे, अशा वेळी ती उचलून क्रीम लावलेल्या थंड केकभोवती गुंडाळावी. फ्रिजमध्ये दहा मिनिटे ठेवून शीट काढावी. उशीर झाला तर पट्टी तडकते आणि घाई केली तर ओघळते. म्हणून पहिल्यांदा रिकाम्या डब्याभोवती सराव करावा.

गुलाब : काळे कंपाऊंड 300 ग्रॅम व लिक्विड ग्लुकोज 100 ग्रॅम घ्यावे. पांढऱ्या कंपाऊंडला 75 ग्रॅम ग्लुकोज पुरते. कंपाऊंड वितळवून कोमट होऊ द्यावे, ग्लुकोजही तितकेच कोमट करावे. दोन्ही एकत्र करून मिश्रण भांडे सोडेपर्यंतच हलवावे. जास्त घोटल्यास तेल सुटते. पाण्याच्या थेंबाने नकळत होणारा गोळा आपण येथे मोजमापाने घडवून आणतो. गोळा प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून रात्रभर ठेवावा. सकाळी मळून लहान सुपारीएवढ्या गोळ्या कराव्यात व दोन प्लॅस्टिकच्या कागदांत दाबून पाकळ्या बनवाव्यात. पाकळीची वरची कड पातळ ठेवावी. मधल्या शंकूभोवती आधी तीन, मग पाच पाकळ्या लावाव्यात. रंग द्यायचा असल्यास तेलात मिसळणारे, खाण्यास परवानगी असलेले रंगच वापरावेत.

जोडणी, साठवण व वाहतूक

तुकडे जोडण्यासाठी वितळलेले चॉकलेट हाच डिंक समजावा. टाचणी, तार किंवा दात कोरण्याची काडी सजावटीत लपवू नये. केक लहान मुले खातात. अशी वस्तू घशात अडकण्याचा धोका असतो. मोठ्या रचनेला आधार द्यावाच लागला तर जाड चॉकलेटचा खांब करावा.

तयार सजावट बटर पेपरच्या थरांत, हवाबंद डब्यात, थंड व कोरड्या जागी ठेवावी. फ्रिजमध्ये ठेवल्यास डबा बाहेर काढल्यावर लगेच उघडू नये. आतील माल खोलीच्या तापमानावर येऊ द्यावा, नाहीतर त्यावर पाणी सुटते. क्रीमच्या केकवर पाने, फुले व फुलपाखरे केक देण्याच्या वेळीच लावावीत. दूर पाठवायचे असल्यास केक व सजावट वेगवेगळ्या डब्यांत द्यावी आणि दोन-तीन तुकडे जादा ठेवावेत.

नेहमीचे दोष व उपाय

1) राखाडी-पांढरट पट्टे : टेंपरिंग चुकले किंवा माल उष्णतेत राहिला. खाण्यास अपाय नाही. पुन्हा वितळवून वापरावे.

2) खरखरीत पांढरा पृष्ठभाग : ओल लागून साखर वर आली. साठवण सुधारावी.

3) वितळताना गोळा होणे : पाणी किंवा वाफ गेली. असा माल सजावटीला निरुपयोगी. कोमट दूध घालून केकवरील सॉससाठी वापरावा.

4) साच्यातून किंवा शीटवरून न सुटणे : थर फार पातळ आहे किंवा पुरेसा गोठलेला नाही.

हिशोब

समजा 500 ग्रॅम कंपाऊंडमधून प्रत्येकी 8 ग्रॅमची फुलपाखरे केली. कागदावर 62 होतात. परंतु मोडतोड आणि भांड्याला राहिलेला माल वजा जाता 50 च विकण्याजोगी धरावीत. कंपाऊंडच्या किमतीला 50 ने भागावे, त्यात गॅस-वीज, डबे-कागद आणि स्वतःच्या वेळेची मजुरी मिळवावी, मग नफा ठरवावा. घरातील स्त्रीचा वेळ फुकट धरून काढलेला दर वर्षभर टिकत नाही. मोडलेले तुकडे क्रीम व पाण्यापासून दूर ठेवल्यास पुन्हा वितळवता येतात.

विक्री करावयाची असल्यास अन्न सुरक्षा व मानके कायदा 2006 प्रमाणे नोंदणी करून घ्यावी. वातानुकूलित खोली नसेल तर एप्रिल-मेमध्ये उंच कठड्याच्या मागण्या स्वीकारू नयेत. त्याऐवजी गुलाब व कंपाऊंडची पाने द्यावीत. आपल्या हवामानाला जे पेलते तेच पीक आपण घेतो. हा जोडधंदाही त्याच विचाराने करावा. सुरुवातीस 250 ग्रॅम कंपाऊंड आणून पानांपासून आरंभ करावा, हात बसला की फुलपाखरे व कठडा करावा आणि त्यानंतरच खऱ्या चॉकलेटकडे वळावे.