दाण्याची नाळ

वाटाण्याच्या शेंगा सोलताना बोटाच्या एका रेट्याने दाणे परातीत घरंगळतात आणि सोलणाऱ्याचे लक्ष दाण्यांकडेच राहते. परंतु शेंग सावकाश उकलून पाहिली, तर तिच्यात एकही दाणा सुटा पडलेला नसतो. शेंगेच्या एका कडेला प्रत्येक दाणा इवल्याशा देठाने जोडलेला असतो. मुळांनी शोषलेले पाणी व पानांत तयार झालेले अन्न याच देठातून दाण्याला पोचते.

या देठाला वनस्पतिशास्त्रात ‘फ्युनिक्युलस’ असे नाव आहे. हा शब्द लॅटिन भाषेतला असून त्याचा अर्थ ‘लहानसा दोर’ असा होतो. वाटाण्याचा देठ इतका आखूड असतो की, त्याला दोर म्हणणे कोणास अतिशयोक्तीचे वाटेल. ज्याला तसे वाटेल, त्याने ऑस्ट्रेलियन बाभळीखाली जावे. कोकणात व गोव्यात ही परदेशी बाभूळ रस्त्यांच्या कडेला पुष्कळ लावलेली आहे. तिची वेडीवाकडी शेंग तडकली, म्हणजे काळ्या बिया नारिंगी-पिवळ्या दोऱ्यांना लोंबकळू लागतात. त्या रंगाला भुलून पक्षी येतात, आणि बियांचा प्रसार होतो.

दाणा पक्व झाला की देठ वाळतो व तुटतो. तुटल्या जागी खूण मात्र राहते. वालाच्या दाण्यावरील पांढरी उंच रेघ किंवा चवळीचा ‘डोळा’ पाहिला, म्हणजे ती जागा सापडते. शास्त्रज्ञ या खुणेला ‘नाभी’ म्हणतात, आणि हे नाव मोठे समर्पक आहे. कारण मनुष्याच्या पोटावरील बेंबी हीदेखील अशाच एका तुटलेल्या दोराची खूण होय.

तो दोर म्हणजे नाळ. शरीरशास्त्रात तिलाही फ्युनिक्युलस असेच म्हणतात. जन्माच्या वेळी ती सुमारे 50 सेंटिमीटर लांब असते आणि सुंभाप्रमाणे तिला पीळ असतो. तिच्यात तीन रक्तवाहिन्या असतात. एकीतून प्राणवायू व अन्न बाळाकडे येते, तर दोघींतून बाळाचे रक्त वारेकडे परत जाते. आईचे व बाळाचे रक्त मात्र एकमेकांत मिसळत नाही. वारेत ते पातळ पडद्याच्या अल्याडपल्याड असते, आणि देवघेव त्या पडद्यातून चालते. या वाहिन्यांभोवती मऊ, बुळबुळीत गर असतो. टॉमस व्हार्टन या इंग्रज वैद्याने 1656 साली त्याचे वर्णन केले. बाळ कुशीत वळले, नाळ ताणली गेली, तरी या गरामुळे वाहिन्या सहसा दबत नाहीत. नाळेत वेदना जाणवणारे मज्जातंतू नसल्यामुळे ती कापताना बाळाला दुखत नाही, आईलाही दुखत नाही. कापलेली नाळ पुरण्याची चाल होती. एखाद्या गावाचा कोणी फार ओढा धरला, म्हणजे ‘तिथे काय तुझी नाळ पुरली आहे?’ असे विचारतात, ते यावरूनच.

पाठीच्या कण्यातील पोकळीत आणखी एक दोर असतो. तो मज्जारज्जू. रज्जू म्हणजे दोरच. प्रौढ माणसात तो सुमारे 45 सेंटिमीटर लांब व करंगळीएवढा जाड असतो. त्याच्या प्रत्येक बाजूला मज्जातंतूंची तीन मोठी जुडगी असतात आणि त्या जुडग्यांनाही फ्युनिक्युलस हेच नाव आहे. मागच्या जुडग्यातून स्पर्शाची वार्ता मेंदूकडे चढते. बाजूच्या जुडग्यातून मेंदूची आज्ञा स्नायूंकडे उतरते.

दाण्याचा देठ व बाळाची नाळ हे दोर आपले काम संपले की तुटायचेच असतात. मज्जारज्जूचे तसे नाही. तो तुटला, तर त्याखालील शरीराची संवेदना व हालचाल नाहीशी होते आणि त्यातील तंतू पुन्हा नीट जोडले जात नाहीत. म्हणूनच अपघातात मानेला किंवा पाठीला मार बसलेल्या माणसाला घाईघाईने ओढून उठवू नये, बसवूही नये. त्याला आहे तसेच निजू द्यावे, मान हलू देऊ नये आणि जाणकार माणसे येईपर्यंत कोणीतरी त्याच्याजवळ थांबावे.