मिठाला ‘सेंद्रिय’ म्हणावे काय?

प्रश्न : मीठ खरोखर ‘सेंद्रिय’ असू शकते काय?

उत्तर : सेंद्रिय प्रमाणीकरण, म्हणजे रासायनिक खते व कीटकनाशके टाळून पीक घेतल्याची तपासणीअंती दिलेली ग्वाही, ही मुळात शेतीच्या पद्धतीला असते; मीठ खनिज असल्याने अमेरिकी नियमांत सेंद्रिय घटकांची टक्केवारी काढताना पाण्याबरोबर तेही वगळले जाते. युरोपीय संघाने मात्र २०१८च्या व २०२२पासून लागू झालेल्या नियमावलीत मिठाला स्थान दिले, हे ग्राहकाची दिशाभूल करणारे आहे. मिठागराच्या वाफ्यात खारे पाणी उन्हाने आटून खडे धरतात, तेथे ना बियाणे असते ना खत; प्रश्न आहे तो त्या पाण्यातील प्रदूषणाचा आणि मीठ मोकळे राहावे म्हणून मिसळल्या जाणाऱ्या फेरोसायनाइडसारख्या पदार्थांचा, ज्यांसाठी शुद्धतेची स्वतंत्र व काटेकोर मानकेच उपयोगी पडतात.