विजेची मोटार आणि तिच्या किल्लीची राखण

रात्री पेढी बंद करताना कुलूप लावावे, ते दोनदा ओढून पाहावे आणि किल्ल्यांचा जुडगा स्वतःजवळ ठेवावा, ही रीत वाडवडिलांनी आपणांस घालून दिली आहे. दुकानाच्या बाबतीत ती आपण आजही पाळतो. परंतु लाखो रुपयांची मोटार दाराशी उभी करून तिची किल्ली उंबऱ्याजवळच्या खुंटीस टांगताना मनात शंकाही येत नाही. आपल्यापैकी कित्येकांच्या घरी आता विजेवर चालणारी मोटार आली आहे. तिची चोरी कशी होते व ती कशी टाळावी, याचा विचार या लेखात करण्याचे आम्ही योजिले आहे.

प्रथम एक गैरसमज दूर करू. विजेची मोटार इतरांहून सहज चोरीस जाते, असे नाही. अमेरिकेत विम्याच्या दाव्यांचा अभ्यास करणाऱ्या संस्थेने २०२३ साली प्रसिद्ध केलेल्या यादीत, चोरीचे दावे अत्यंत कमी असलेल्या गाड्यांमध्ये टेस्लाच्या विजेवरील गाड्या होत्या. त्याचे एक कारण साधेच सांगितले जाते : चार्जिंगसाठी या गाड्या घरालगत किंवा बंद गॅरेजात उभ्या असतात. खरा धोका विजेत नसून किल्लीत आहे, आणि तो पेट्रोलच्या नव्या गाड्यांनाही तितकाच आहे.

मोटार कशी फसते?

अशा मोटारीची किल्ली खिशातून काढावी लागत नाही. मालक दाराच्या मुठीस हात लावतो, तेव्हा मोटार क्षीण रेडिओलहरींनी किल्लीला हाक मारते. या लहरी साधारणतः १२५ किलोहर्ट्झच्या असून एक-दोन मीटरपलीकडे सहसा पोहोचत नाहीत. किल्ली सांकेतिक उत्तर देते आणि दार उघडते. उत्तर आले त्या अर्थी किल्ली जवळच आहे, एवढाच मोटारीचा तर्क.

चोर नेमका या तर्काचा लाभ घेतात. एक जण यंत्र घेऊन मोटारीजवळ उभा राहतो, दुसरा घराच्या दाराशी. पहिल्याचे यंत्र मोटारीची हाक दुसऱ्याकडे पोहोचविते, आणि दुसऱ्याचे यंत्र ती घरातील किल्लीस ऐकविते. किल्ली इमानाने उत्तर देते आणि मोटार चालू होते. काच फुटत नाही, संकेत फोडावा लागत नाही, आणि विजेच्या गाडीस इंजिनाचा आवाज नसल्यामुळे घरच्यांची झोपही मोडत नाही.

व्यापारी वाचकांस हे हुंडीच्या उदाहरणाने चटकन उमगेल. शाहजोग हुंडीचे पैसे बाजारात पत असलेल्या शाहासच द्यावयाचे असतात. कागद खरा असला तरी तो कोणी आणला, हे पाहावेच लागते. मोटार मात्र सही तेवढी तपासते, आणणारा कोण हे विचारीत नाही.

झुरिकच्या तंत्रविद्यापीठातील संशोधकांनी आठ कारखानदारांच्या दहा गाड्यांवर हा प्रयोग करून २०११ साली तो प्रसिद्ध केला; दहाही गाड्या फसल्या होत्या. २०१७ च्या नोव्हेंबरात इंग्लंडमधील वेस्ट मिडलंड्स पोलिसांनी सॉलिहल येथील एका चोरीचे चित्रण लोकांपुढे ठेवले. त्यात घरासमोरची मोटार सुमारे एका मिनिटात नाहीशी झालेली दिसते. २०१८ साली बेल्जियममधील संशोधकांनी टेस्लाच्या मॉडेल एस गाडीच्या किल्लीची नक्कल काही सेकंदांत करून दाखविली. २०२२ साली किल्ली म्हणून वापरल्या जाणाऱ्या मोबाईल फोनची ब्लूटूथ हाकही अशीच दूर नेता येते, हे सिद्ध झाले.

मालकाने काय करावे?

१. किल्ली दारा-खिडकीपासून दूर, लहरी अडविणाऱ्या डबीत किंवा पिशवीत ठेवावी. विकत घेतलेल्या डबीवर विसंबू नये. किल्ली तीत ठेवून मोटारीजवळ जावे. दार उघडले तर डबी निकामी समजावी. दुसरी किल्लीही अशीच सांभाळावी.

२. गाडी चालू करण्यापूर्वी पिन मागण्याची सोय असल्यास ती अवश्य सुरू करावी. टेस्लाने ही सोय २०१८ साली दिली. आमच्या मते हा सर्वांत उत्तम उपाय होय, कारण येथे मोटार प्रथमच ‘आणणारा कोण’ असे विचारते. जन्मसाल किंवा गाडीचा क्रमांक पिन म्हणून ठेवू नये. ही सोय नसेल आणि किल्लीवाचून दार उघडण्याची व्यवस्था बंद करता येत असेल, तर ती बंद ठेवावी.

३. कारखान्याकडून येणाऱ्या सुधारणा टाळू नयेत. ह्युंदाईने २०२५ साली ब्रिटनमध्ये आयोनिक ५ च्या मालकांस ४९ पौंडांत संरक्षणाची सुधारणा देऊ केली होती. नवी गाडी घेताना, किल्ली स्थिर असता निद्रिस्त होते काय, लहरींच्या प्रवासाच्या वेळेवरून अंतर मोजते काय, हे विक्रेत्यास विचारावे.

४. फोनवरील ॲपचा पासवर्ड तिजोरीच्या किल्लीइतका जपावा. २०२२ च्या जानेवारीत एका जर्मन तरुणाने, मालकांनी वापरलेल्या एका त्रयस्थ प्रणालीतील उणिवेमुळे, अनेक देशांतील पंचवीसहून अधिक टेस्ला गाड्यांची दारे उघडता येतात हे उजेडात आणले. जुनी गाडी घेताना पहिल्या मालकाचे खाते काढल्याची खात्री करावी.

५. स्टिअरिंगला बाहेरून दिसेल असे कुलूप लावावे. ते अभेद्य नसते, परंतु चोराचा वेळ घेते, आणि वेळच त्याच्यापाशी नसतो. चार्जिंगच्या केबलमध्ये तांबे असते. काम होताच ती आत ठेवावी.

चोरी झालीच तर

ॲपवर गाडीचे ठिकाण दिसले तरी स्वतः पाठलाग करू नये. ते पोलिसांस कळवावे. फिर्याद त्याच दिवशी नोंदवावी आणि विमा कंपनीस लगेच लेखी कळवावे. एका ट्रॅक्टरच्या चोरीच्या दाव्यात सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली असा निर्णय दिला की, फिर्याद तत्काळ नोंदविली असल्यास केवळ विमा कंपनीस कळविण्यास उशीर झाला म्हणून खरा दावा नाकारता येणार नाही. दाव्याच्या वेळी विमा कंपन्या दोन्ही किल्ल्या मागतात, हे ध्यानी असावे. केवळ तिऱ्हाइतांच्या हानीचा विमा असेल तर चोरीची भरपाई मिळत नाही.

शेवटी एक गोष्ट सांगणे आम्ही कर्तव्य समजतो. चोरलेल्या गाड्या पुष्कळदा सुट्या करून विकल्या जातात. बिलावाचून स्वस्तात मिळणारा भाग किंवा केबल आपण घेतली, तर पुढच्या चोरीस आपणच भांडवल पुरविले असे होते. चोरून आणलेला माल घेणे, म्हणजे तदाहृतादान, यास आपल्या आचार्यांनी अचौर्यव्रताचा अतिचार म्हटले आहे. तेव्हा आपली किल्ली जपावी, आणि दुसऱ्याच्या हरवलेल्या गाडीला आपल्या दुकानात गिऱ्हाईक मिळू देऊ नये.