कोळंबीची हौस राणी माशावर

परवा एक बाई आपल्या नऊ वर्षांच्या मुलाला घेऊन दवाखान्यात आल्या. कोळंबी खाल्ली की मुलाच्या अंगावर गांधी उठत आणि ओठ सुजत. म्हणून दोन वर्षे त्याला कोणताच मासा दिला नव्हता. "डॉक्टर, घरात माशांचा वास सुटला की पोर ताटावरून उठत नाही हो," असे सांगताना त्यांचे डोळे भरून आले.

अशी सरसकट बंदी पुष्कळ घरांत असते. पण ती दर वेळी गरजेची नसते. कोळंबी, खेकडा व शेवंड यांची अ‍ॅलर्जी बहुधा 'ट्रोपोमायोसिन' या प्रथिनामुळे होते. माशाची अ‍ॅलर्जी मुख्यतः निराळ्या प्रथिनामुळे होते. त्यामुळे कोळंबी न सोसणाऱ्या अनेकांना मासा सोसतो. मात्र ही परीक्षा घरी करू नये. आधी डॉक्टरांना विचारावे. या मुलाची तपासणी करून घेतली, तेव्हा मासा द्यायला हरकत नाही असे ठरले.

बाईंचा पुढचा प्रश्न होता, "कोळंबीसारखे काय करून घालू?" मी राणी मासा सुचवला. गुलाबी अंगाचा, पिवळसर रेघांचा हा मासा कोळंबीपेक्षा पुष्कळ स्वस्त मिळतो. कोकणातल्या कारखान्यांत याच माशाच्या गराची 'सुरीमी' करतात आणि अशा सुरीमीपासून परदेशात नकली खेकडा बनतो! राणी नसेल तर ढोमा घ्यावा. डोळे चकचकीत, कल्ले लाल आणि बोटाने दाबल्यावर मांस पुन्हा वर येणारे, एवढे पाहून घ्यावे.

चौघांसाठी अर्धा ते पाऊण किलो मासे साफ करून त्यांना मीठ, हळद आणि दोन चमचे कोकमाचे आगळ लावून पंधरा मिनिटे ठेवावे. मिठाने मांस घट्ट होते. मग मोदकपात्रात आठ-दहा मिनिटे वाफवावे. निवल्यावर सगळे काटे काढून मोठ्या फोडी कराव्यात. लहान मुलांसाठी प्रत्येक फोड बोटांनी चाचपून पाहावी.

पसरट भांड्यात तीन चमचे तेलावर ठेचलेली लसूण आणि दोन कांदे लालसर परतावेत. कोळंबीचा गोडवा माशात नसतो, तो या कांद्याने येतो. दोन चमचे मालवणी मसाला, अर्धी वाटी ओल्या खोबऱ्याचे वाटण व तीन आमसुले घालून तेल सुटू द्यावे. शेवटी फोडी घालून झाकण ठेवावे. तीन-चार मिनिटे पुरतात. डाव फिरवू नये, मासा मोडतो. भांडे कडांना धरून हलवावे.

आता महत्त्वाची सूचना. चव येण्यासाठी आपल्याकडे मूठभर सोडे किंवा जवळा टाकायची पद्धत आहे. सोडे म्हणजे सुकवलेली कोळंबीच, जवळाही त्याच जातीचा. अ‍ॅलर्जी असलेल्याच्या जेवणात यातले चिमूटभरही नको. कोळंबी तळलेले तेल, न धुतलेली सुरी आणि पाटही चालणार नाही. नकली खेकड्यात पुष्कळदा खऱ्या खेकड्याचा अर्क असतो, तोही टाळावा. ओठ-जीभ सुजली, श्वास लागला किंवा चक्कर आली तर घरगुती उपाय करत बसू नये. ताबडतोब इस्पितळ गाठावे.

ज्यांना अ‍ॅलर्जी नाही त्यांचाही यात फायदा आहे. शंभर ग्रॅम कोळंबीत सुमारे १५० मिलिग्रॅम कोलेस्टेरॉल असते, पांढऱ्या माशात त्याच्या निम्म्याहून कमी. प्रथिने मात्र जवळजवळ तितकीच. अर्थात तेलात बुडवून तळला तर हा फायदा उरत नाही.

गेल्या आठवड्यात तो मुलगा पुन्हा आला. प्रकृती कशी आहे विचारले, तर म्हणाला, "काल दोन भाकऱ्या खाल्ल्या!"