पेशीचा इशारा आणि पेशीचा अंत

लखनौहून कानपूरकडे निघालेल्या प्रवाशाला वाटेत अमौसी लागते. शहराचा विमानतळ येथेच आहे आणि जवळच कारखान्यांची वसाहतही आहे. पुढे कानपूर तर चामडी कमावण्याच्या धंद्यासाठी प्रसिद्धच आहे. अशा टापूत पाणी, माती व हवा यांत मिसळणारी रसायने सजीवांना अपाय करतात, हे कोणीही सांगेल. परंतु अपाय डोळ्यांना दिसू लागतो तेव्हा बराच उशीर झालेला असतो. तो त्याआधी ओळखता येईल काय? लखनौ येथे १९६५ साली औद्योगिक विषविज्ञान संशोधन केंद्र स्थापन झाले. भारतीय विषविज्ञान संशोधन संस्था हे त्याचे आजचे नाव. तेथील संशोधकांनी या प्रश्नाचे उत्तर पेशीच्या अंतरंगात शोधले.

पेशीला मरण दोन प्रकारांनी येते. तीव्र आघात झाला की ती फुटते, तिच्यातील द्रव्ये बाहेर सांडतात आणि भोवती दाह होतो. दुसऱ्या प्रकारात ती स्वतःच आपला कारभार आवरते. ती आकसते, तिच्या केंद्रकातील डीएनएचे तुकडे होतात आणि तिचे लहान लहान पुडे बनून शेजारच्या पेशी ते गिळून टाकतात. १९७२ साली केर, वायली व करी या शास्त्रज्ञांनी या मरणाला ‘अपॉप्टोसिस’ हे नाव दिले. पानगळ सुचविणारा हा ग्रीक शब्द आहे. गर्भाच्या हाताची बोटे सुटी होतात ती मधल्या पेशींच्या अशाच पानगळीमुळे.

उष्णता, किरणोत्सर्ग किंवा विष यांचा ताण पडला म्हणजे पेशी लगेच मरणाकडे वळत नाही. प्रथम ती बचाव करते. १९६२ साली रितोस्सा या इटालियन शास्त्रज्ञाला असे आढळले की, उष्णता वाढताच फळमाशीच्या गुणसूत्रांवर नव्या जागी फुगवटे येतात. तेथील जनुके जी प्रथिने घडवितात त्यांपैकी एक म्हणजे ‘एचएसपी-७०’. बिघडलेल्या प्रथिनांची घडी पुन्हा नीट बसविण्यास ते मदत करते. त्याच वेळी पेशीत संदेशांची एक साखळी जागी होते. एक विकर दुसऱ्यावर फॉस्फेट चढवून त्याला कार्यप्रवृत्त करते, दुसरे तिसऱ्याला, आणि संदेश शेवटी ‘जेएनके’ व ‘पी-३८’ या विकरांपर्यंत पोहोचतो. जेएनके अल्पकाळ जागे राहिले तर पेशी बहुधा सावरते. ते दीर्घकाळ जागे राहिले तर तोच संदेश मरणाचा ठरू शकतो. मग आपल्या पेशींत तंतुकणिकांमधून सायटोक्रोम-सी बाहेर पडते आणि कॅस्पेज ही विकरे पेशीचे आतून विघटन करतात. म्हणजे ताणाचा इशारा एकच असतो. त्याचा अर्थ मात्र ताणाची मात्रा व कालावधी यांवर ठरतो.

लखनौच्या संशोधकांनी या इशाऱ्याचाच उपयोग केला. त्यांच्या फळमाशीत एचएसपी-७० जनुकाच्या नियंत्रक भागाला एक जिवाणूजन्य जनुक जोडलेले होते. ताण पडताच ते जागे होई आणि योग्य रंजकद्रव्य दिल्यावर अळीच्या ऊतींवर निळा रंग उमटे. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात अळ्यांच्या अन्नात डायक्लोरव्हॉस हे कीटकनाशक मिसळले होते. त्याचे प्रमाण एक अब्ज भागांत जास्तीत जास्त पंधरा भाग एवढेच होते आणि कमीत कमी त्याच्या एक सहस्रांश. मात्रा व काळ वाढला तसतसे पेशीतील ऑक्सिजनचे अतिक्रियाशील घटक वाढले, एचएसपी-७० वाढले आणि पेशींची पानगळही वाढली. लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, संरक्षक विकरांत बदल दिसण्यापूर्वीच एचएसपी-७० वाढलेले होते. चामड्याच्या कारखान्यातील कचऱ्यामधून झिरपणाऱ्या पाण्याचीही पुढे २००८ साली अशीच परीक्षा झाली.

अळी म्हणजे मनुष्य नव्हे. अळीला जी मात्रा बाधते तीच माणसाला बाधेल, असा निष्कर्ष यावरून काढता येत नाही. तथापि एचएसपी-७० व जेएनके ही दोन्ही माशीत आणि माणसात थोड्याफार फरकाने सारखीच आहेत, म्हणून अळीचा इशारा दुर्लक्षिण्याजोगा नाही. डायक्लोरव्हॉसवर भारतात २०२० च्या अखेरीपासून बंदी आहे. मात्र नवी रसायने येतच राहतात. त्या प्रत्येकाची परीक्षा घेताना, किती पेशी मेल्या एवढेच मोजून भागत नाही. पेशी जिवंत असताना तिने दिलेला इशारा वाचता आला, तरच त्या परीक्षेचा माणसाला वेळेवर उपयोग होतो.